भालकीहून इंजिन रूमपर्यंत

मी व्यापारी जहाजावर चीफ इंजिनिअर आहे आणि माझं गाव बिदर जिल्ह्यातल्या भालकी तालुक्यात आहे. या दोन गोष्टी एका दमात सांगितल्या की ऐकणारा जरा थबकतो. आमच्याकडून पश्चिमेला कोकणचा किनारा धरा नाहीतर पूर्वेला आंध्रचा, समुद्र चारशे किलोमीटरहून जवळ कुठंच नाही. आमच्या नद्या मांजरा आणि कारंजा, आणि त्याही उन्हाळ्यात वाळूवर येतात. 'मर्चंट नेव्ही' म्हटलं की गावात अजूनही मी मिलिटरीत आहे असंच धरून चालतात. सुट्टीवर आलो की दोन-चार मुलं वडिलांना घेऊन घरी येतात आणि विचारतात: कोर्स कुठला, पैसे किती लागतात, परीक्षा मराठीत देता येते का? ओट्यावर बसून पाऊण तासात या सगळ्याची नीट उत्तरं देता येत नाहीत, म्हणून हे लिहितो आहे.

बिदर आणि समुद्र यांचा संबंधच नाही असं मात्र कुणी समजू नये. ज्याच्या मदरशाचा निळ्या फरश्यांचा मनोरा पाहायला शाळेची सहल जाते, तो महमूद गवान इराणातून जहाजानं दाभोळला उतरला आणि तिथून बिदरला आला. ते साल १४५३. पुढं तो बहमनी राज्याचा वजीर झाला. त्याच्याच काळात अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी चौलला उतरला आणि जुन्नरमार्गे बिदरला पोचला. विकायला त्यानं एक घोडा आणला होता. दाभोळ, चौल ही आमच्या राजधानीची बंदरं होती. मी दहावीपर्यंत हे धडे पाठ केले, पण इतिहासाच्या तासाला कुणी नकाशावर बोट ठेवून बिदर ते दाभोळ अशी रेघ ओढून दाखवली नाही.

माझी खरी सुरुवात साखर कारखान्याच्या बॉयलरपाशी झाली. माझे वडील, अप्पा, एका सहकारी कारखान्यात बॉयलर अटेंडंट होते. दसऱ्याच्या सुमारास बॉयलर अग्निप्रदीपनाचा कार्यक्रम व्हायचा, संचालक मंडळी फेटे बांधून यायची, नारळ फुटायचा, मग गव्हाणीत पहिली मोळी पडायची. अप्पा त्या गर्दीत नसायचे. ते वर, पाण्याच्या काचेसमोर उभे असायचे. हंगामात त्यांची रात्रपाळी असली की मी डबा घेऊन जायचो आणि बगॅसच्या ढिगाशेजारून आत शिरायचो. 'काच बघ, गेज बघ, मग धुराचा रंग बघ,' हे त्यांनी मला नववीत शिकवलं. एकदा म्हणाले, "लेकरा, काच बी खोटं बोलती. नळी तुंबली की पानी नसलं तरी काचेत पानी दिसतंय. म्हून पाळीला आलं की पैलं काच धुवायची, मग डबा सोडायचा." अप्पांकडं बॉयलर अटेंडंटचं सरकारी प्रमाणपत्र होतं, तेही तोंडी परीक्षा देऊन मिळवलेलं. बॉयलर कायदा तेव्हा १९२३चा होता. त्या कायद्यानं प्रमाणपत्राशिवाय बॉयलरसमोर उभं राहता येत नसे. माणसाची लायकी कागदावर नोंदवल्याशिवाय यंत्र त्याच्या हाती द्यायचं नाही, ही कल्पना मला घरातूनच ओळखीची होती.

शाळा मराठी माध्यमाची, दुसरी भाषा कन्नड. १ नोव्हेंबर १९५६ला जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला तेव्हा उदगीर, निलंगा, अहमदपूर पलीकडं गेले आणि भालकी, औराद इकडं राहिले. त्यामुळं आमचे सोयरे लातुरात, बाजार उदगिरात आणि सरकारी कागद बंगळुरात. बारावीनंतर भालकीच्याच इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलला प्रवेश घेतला. घरून सायकलनं कॉलेज होत होतं, हे त्याचं मुख्य कारण. २००७मध्ये बेळगावच्या विश्वेश्वरय्या विद्यापीठाची पदवी हातात आली. वर्गातली बहुतेक मुलं पुण्याला निघाली. मला कॉलेजातल्या एका उदगीरच्या सीनियरनं दुसरीच वाट सांगितली. मेकॅनिकलची पदवी असेल तर ग्रॅज्युएट मरीन इंजिनिअरिंग, म्हणजे जीएमई नावाचा वर्षाचा निवासी कोर्स करून जहाजावर इंजिनिअर म्हणून जाता येतं. बारावीनंतर थेट जायचं तर चार वर्षांचा बी.टेक. मरीन असतो. कलकत्त्याची जुनी 'डीएमईटी' त्यासाठी देशभर नावाजलेली. तिची सुरुवात १९४९ची, आणि आता ती २००८मध्ये स्थापन झालेल्या इंडियन मेरीटाइम युनिव्हर्सिटीत सामील आहे.

फी तीन लाखांच्या घरात होती. अप्पांनी बँकेत शेत तारण ठेवलं. पासपोर्टसाठी बंगळूरच्या फेऱ्या झाल्या, डोळ्यांची आणि रंग ओळखण्याची तपासणी झाली, दहावी-बारावीच्या इंग्रजीच्या गुणांवर बोट ठेवून चौकशी झाली. मायचं म्हणणं एवढंच होतं, "विहिरीत पवतूस म्हून दर्यात बी पवशील का?" तिला समजावलं की इंजिनिअरला पाण्यात उतरावं लागत नाही. ते पूर्ण खरं नव्हतं, कारण पुण्याजवळच्या त्या संस्थेत पहिल्याच महिन्यात लाइफजॅकेट घालून उंचावरून पाण्यात उडी मारायला लावली आणि उलटा पडलेला लाइफराफ्ट एकट्यानं सरळ करायला लावला. विहिरीत पोहलेल्या आम्हा गावाकडच्या मुलांना ते शहरातल्या मुलांपेक्षा सोपं गेलं. आगीच्या प्रशिक्षणात धुरानं भरलेल्या अंधाऱ्या खोलीत पाठीवर हवेची टाकी घेऊन, हाताच्या मागच्या बाजूनं भिंत चाचपत बाहेर यायचं असतं. हाताची मागची बाजू अशासाठी, की उघड्या तारेला हात लागला तर बोटं तारेवर आवळली जाऊ नयेत. जीव वाचवण्याचं, आगीचं, प्रथमोपचाराचं आणि वैयक्तिक सुरक्षिततेचं अशी चार मूलभूत प्रमाणपत्रं मिळाल्याशिवाय जगातल्या कुठल्याही जहाजावर पाय ठेवता येत नाही. बाकी वर्ष वर्कशॉपमध्ये गेलं: फायलिंग, लेथ, वेल्डिंग, पंप खोलणं, व्हॉल्व्ह घासून बसवणं. पदवीच्या चार वर्षांत मी जेवढे नट हातात धरले नव्हते तेवढे तिथं एका आठवड्यात धरले. आपल्या कॉलेजांत मेकॅनिकलची मुलं यंत्राला हात न लावता पास होतात, हे मला तिथं फार टोचलं आणि आजही टोचतं.

आमची बॅच बाहेर पडली ती २००८च्या पावसाळ्यानंतर. मे महिन्यात मालवाहू जहाजांच्या भाड्याचा बाल्टिक ड्राय निर्देशांक ११,७९३वर होता, डिसेंबरात तो ६६३वर आला. अमेरिकेतल्या बँका बुडाल्या आणि आम्ही मुंबईत अडकलो. मालच नाही म्हणून जहाजं नांगरून पडली होती, मग नवशिक्या ज्युनिअर इंजिनिअरला कोण घेणार? सकाळी बायोडाटाच्या प्रती घेऊन बॅलार्ड इस्टेट, मग लोकलनं अंधेरी, दुपारनंतर बेलापूर. कंपन्यांच्या दारातला वॉचमनच कागद घ्यायचा. बॅलार्ड इस्टेटमध्ये नौभवनात शिपिंग मास्टरचं कार्यालय आहे. तिथं सीडीसी मिळते, म्हणजे खलाशाची नोंदवही. कुठल्या जहाजावर कधी चढला, कधी उतरला, हे त्या वहीत लिहिलं जातं. माझी वही कोरी होती.

त्या दिवसांत वालचंद हिराचंद मार्गावरून रोज जाणं व्हायचं. वालचंद सोलापूरचे. आळंद, बसवकल्याणच्या लोकांना सोलापूर म्हणजे दवाखान्याचं आणि लग्नाच्या कापडाचं गाव. वालचंदांच्या सिंदिया कंपनीचं 'लॉयल्टी' हे जहाज ५ एप्रिल १९१९ला मुंबईहून लंडनला निघालं, इंग्रज कंपन्यांची मक्तेदारी असताना. त्या तारखेला आपण राष्ट्रीय सागरी दिन पाळतो. मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये महायुद्धांत जहाजांवर मेलेल्या हिंदी खलाशांची स्मृती जपलेली आहे. त्यांत आग सांभाळणारे, कोळसा ओढणारे, तेलवाले असे इंजिन रूमचे लोक किती तरी. ते पाहून मला धीर आला.

फोन आला तो २००९मध्ये. जहाज मुरगावला लागलेलं होतं, लोहखनिज भरून चीनला जाणार होतं. चीननं मंदीतही पोलाद गाळणं थांबवलं नव्हतं, म्हणून आधी हलली ती खनिजाचीच जहाजं. मुरगाव बंदरातून गोव्याच्या खनिजासोबत बळ्ळारी-होस्पेटचं खनिजही रेल्वेनं येऊन जात असे. पहिल्यांदा गँगवेवर चढताना पायाखाली तांबडी धूळ होती.

इंजिन रूममध्ये उतरलो तेव्हा मुख्य इंजिन बंद होतं, तरी जनरेटरच्या आवाजानं कान बधिर झाले. सहा सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६० सेंटिमीटर आणि स्ट्रोक २२९ सेंटिमीटर. पिस्टन एका फेरीत माझ्या उंचीपेक्षा जास्त वर-खाली जातो. गावातल्या विहिरीवरचं पाच हॉर्सपॉवरचं किर्लोस्कर हँडल मारून मी लहानपणापासून चालू करत आलो होतो. इथं तेच तत्त्व तीन मजले उंच होऊन उभं होतं. फरक असा की हे इंजिन मिनिटाला शंभराच्या आसपासच फेरे घेतं, मधे गिअर नाही, पंख्याचा शाफ्ट थेट त्यालाच जोडलेला. पंखा उलटा फिरवायचा तर इंजिन थांबवून उलट्या दिशेनं सुरू करायचं, आणि सुरू करायचं ते तीस बार दाबाच्या हवेनं. जाळायला डांबरासारखं घट्ट तेल. ते आधी ९८ अंशांपर्यंत तापवून प्युरिफायरमधून काढायचं, म्हणजे पाणी आणि गाळ सुटतो. मग १३०-१४० अंशांपर्यंत नेलं की ते इंजेक्टरमधून फवारण्याइतकं पातळ होतं. दिवसाला तीस टनांवर तेल लागतं.

जहाजावर खलाशी इंजिनिअरला नावानं हाक मारत नाहीत. चीफ इंजिनिअर बडा साब, मग सेकंड साब, तीन साब, चार साब, आणि मी पाच साब. सेकंड साबांनी पहिल्या दिवशी एक टॉर्च, एक चिंध्यांचं बोचकं आणि कोरी वही दिली. म्हणाले, "पुस्तक बाद में. पहले लाइन पकडो." समुद्राच्या पाण्याची लाइन, गोड्या पाण्याची, आगीची, बिल्जची, बॅलास्टची, तेलाची, वंगणाची, हवेची, वाफेची. प्रत्येक पाइप जिथून निघतो तिथून जिथं संपतो तिथपर्यंत, फ्लोअर प्लेटखाली सरपटत, प्रत्येक व्हॉल्व्हवर हात ठेवत जायचं आणि हातानं चित्र काढायचं. संध्याकाळी ते तपासायचे. चूक असली की 'फिर से'. बाहेर समुद्र उसळत होता, मला उलट्या होत होत्या, आत तापमान ४५ अंश. तरी मी आज शपथेवर सांगेन की या कामात याच्यापेक्षा चांगलं शिक्षण नाही. आग लागते तेव्हा दिवे गेलेले असतात, आणि कुठला व्हॉल्व्ह कुठं आहे हे त्या वेळी हाताला माहीत असावं लागतं.

बाकी पाच साबांच्या वाट्याला घाणीचं काम येतं. प्युरिफायरचे बाऊल उघडून धुणं, फिल्टर साफ करणं, बंदरात इंजिन थंड झालं की पिस्टनखालच्या स्कॅव्हेंज जागेत शिरून काजळी खरवडणं. आत शिरण्याआधी हवेतला ऑक्सिजन मोजायचा, परवान्याचा कागद भरायचा, दारात एक माणूस उभा ठेवायचा. घाईत हे टाळणारी माणसं जगभर बंद टाक्यांमध्ये मेली आहेत, आणि त्यांना काढायला धावत आत गेलेलीही त्यांच्याशेजारीच मेली आहेत. मला कुणी विचारलं की इंजिनिअरमध्ये पहिला गुण कुठला पाहावा, तर मी सांगेन की घाईच्या वेळीसुद्धा तो कागद भरतो का ते पाहा.

सगळ्यात जास्त मी शिकलो ते एका रात्री. सिंगापूरला तेल भरून आम्ही चीनच्या किनाऱ्याकडं चाललो होतो. बारा ते चारच्या पाळीत तीन साब आणि मी. आजूबाजूला मासेमारीच्या बोटींची दाटी होती. अचानक जनरेटरचा सूर उतरला, दिवे मंदावले आणि सगळं बंद पडलं. वंगणाचे पंप थांबले म्हणून मुख्य इंजिनही थांबलं. इतका वेळ जो आवाज नकोसा वाटत होता तो गेल्यावर छातीत धडकी भरली. दुसरा जनरेटर आपोआप यायला हवा होता, तोही आला नाही. नव्या तेलातल्या गाळानं दोघांचेही फिल्टर तुंबले होते. वर इमर्जन्सी जनरेटर सुरू झाला. नियमानं त्याला ४५ सेकंदांच्या आत वीज द्यावी लागते. तेवढ्यावर सुकाणूचा एक पंप आणि काही दिवे चालू झाले. तीन साब धावले नाहीत. त्यांनी आधी ब्रिजला, म्हणजे जहाज हाकतात त्या वरच्या खोलीत, फोन केला, मग जनरेटरची लाइन डिझेलवर फिरवली, मला फिल्टर बदलायला लावलं, हवा काढून जनरेटर सुरू केला, व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी पाहिली, ब्रेकर टाकला. मग पंप एकेक करून: वंगण, थंड पाणी, समुद्राचं पाणी. एकदम सगळे चालू केले असते तर जनरेटर पुन्हा बसला असता. शेवटी मुख्य इंजिन. सेकंड साब आणि बडा साब खाली पोचेपर्यंत निम्मं काम झालेलं होतं. हा क्रम आधीपासून डोक्यात नसेल तर तशा वेळी माणूस नुसता इकडंतिकडं पळत राहतो.

पहिली खेप संपवून, सीडीसीत नोंद आणि प्रशिक्षणाची टार बुक भरून मी परीक्षेसाठी मुंबईला आलो. पहिली पायरी एमईओ क्लास फोर. ती पास झाली की इंजिन रूमची पाळी स्वतंत्रपणे सांभाळण्याचा हक्क मिळतो. लेखी पेपर असतात, पण मुलांची झोप उडते ती तोंडी परीक्षेनं. चर्चगेटला महर्षी कर्वे रोडवरच्या प्रतिष्ठा भवनात मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंट आहे. तिथल्या बाकांवर पांढरे शर्ट घातलेली मुलं चित्रांच्या वह्या उलटत बसलेली असतात. समोर परीक्षा घेणारा सर्व्हेअर स्वतः जहाजावर चीफ राहिलेला असतो, त्याला पाठांतर लगेच कळतं. परीक्षा मराठीत नसते, हिंदीतही नसते. तरी माझा अनुभव असा की साध्या, तुटक इंग्रजीत बरोबर क्रम सांगणारा मुलगा पास होतो आणि फर्ड्या इंग्रजीत क्रम चुकवणारा घरी जातो.

मला विचारलं होतं: क्रँककेसमधल्या ऑइल मिस्टचा अलार्म वाजला, काय करशील? वेग कमी करून ब्रिजला सांगायचं, इंजिन थांबवायचं, स्फोटाचा दाब बाहेर सोडणाऱ्या रिलीफ दारांपासून माणसं दूर न्यायची, आणि अर्धा तास तरी एकही दार उघडायचं नाही. आत तेलाची गरम वाफ कोंडलेली असते. दार उघडलं की तिला हवा मिळते आणि स्फोट होतो. १९४७मध्ये आयर्लंडच्या किनाऱ्यालगत 'रेना देल पॅसिफिको' या जहाजाच्या इंजिनात असा स्फोट झाला आणि २८ माणसं गेली. आजच्या रिलीफ दारांमागं तो इतिहास आहे. पुढचा प्रश्न बॉयलरचा होता. काचेत पाणी दिसत नाही, पाणी सोडशील का? मी म्हणालो, नाही, आधी आग बंद. तापून लाल झालेल्या नळ्यांवर गार पाणी पडलं तर बॉयलर फुटतो. मग काच धुण्याचा क्रम सांगितला: वाफेचा कॉक बंद, पाण्याचा बंद, ड्रेन उघडा, आता पाण्याचा उघडून पाहा, तो बंद करून वाफेचा उघडून पाहा. कुठली वाट तुंबली आहे ते त्यावरून कळतं. सर्व्हेअरनी विचारलं, "बॉयलरवर कुठं काम केलंत?" मी कारखान्याचं सांगितलं. त्यांनी कागदावर सही केली.

ते प्रमाणपत्र अप्पांनी चष्मा लावून दोन्ही बाजूंनी वाचलं. त्यांचा पहिला प्रश्न: "पाच वर्षांची मुदत लिवलीय. पुन्ना परीक्षा का?" परीक्षा नाही, पण समुद्रावरची नोकरी दाखवून नूतनीकरण करावं लागतं, हे सांगितल्यावर त्यांना ते पटलं. हात चालू नसला तर कागद चालू ठेवू नये, असं त्यांचं मत पडलं.

पुढची वर्षं भराभर गेली. चार साब, तीन साब झालो, मग क्लास टूचा अभ्यास. त्यात जहाजाच्या बांधणीचं शास्त्र आणि विजेचा मोठा पेपर असतो. अनेक चांगली माणसं लग्न, मूल आणि अभ्यास यांच्या कात्रीत इथंच अडकून राहतात. एडनच्या आखातातून जाताना चाच्यांच्या भीतीनं जहाजाभोवती काटेरी तारा गुंडाळायचो, आगीचा पंप चालू ठेवून कडेनं पाण्याचे फवारे सोडायचो. २००८च्या अखेरीपासून भारतीय नौदलाच्या युद्धनौका तिथं सोबत करत होत्या. त्यांचा आवाज रेडिओवर आला की इंजिन रूममधली माणसं जेवायला बसायची. बहिणीच्या लग्नात मी नव्हतो. २०२०मध्ये करोनामुळं करार संपूनही जहाजावरच राहावं लागलं. त्या वर्षी जगभरात सुमारे चार लाख खलाशी असे अडकल्याचा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा अंदाज होता. या नोकरीतला पगार सगळ्यांना दिसतो. या बाजूही मुलांना आधीच सांगितल्या पाहिजेत.

एक आठवण मात्र सांगतोच. जहाजावर पिण्याचं पाणी आम्ही समुद्राच्या पाण्यापासून करतो. इंजिन थंड करून आलेलं ऐंशी अंशांचं पाणी एका बंद भांड्याच्या नळ्यांतून फिरवतात. भांड्यातली हवा ओढून घेतलेली असते, त्यामुळं समुद्राचं पाणी पंचेचाळीस-पन्नास अंशांवरच उकळतं. वाफ थंड केली की गोडं पाणी. फुकट जाणाऱ्या उष्णतेवर दिवसाला वीसेक टन. एप्रिल २०१६मध्ये मी भर समुद्रात त्या यंत्राचा मीटर लिहीत होतो, तेव्हा मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे धावली. पहिल्या गाडीला दहा टँकर होते, पाच लाख लिटर पाणी. लातुरात माझी मोठी बहीण राहते. तिनं फोनवर सांगितलं, आठ दिवसांनी नळ येतोय, तोही येईल तेव्हा खरा. त्या दिवसापासून जहाजावर कुणी नळ चालू ठेवून दात घासताना दिसला की मला राहवत नाही.

आता विचारायला येणाऱ्या मुलांसाठी. आमच्याच भागातल्या एका मुलाच्या वडिलांनी म्हशी विकून एका एजंटाला पैसे दिले. मुलाला परदेशी नोंदवही आणि बनावट प्रशिक्षणाचे कागद मिळाले. आखातातल्या एका मोडक्या जहाजावर त्याला चढवलं, पगार मिळाला नाही, आणि घरी यायलाच फार दिवस लागले. हुशार मुलगा होता, फिटरचं काम उत्तम करायचा. त्याला कुणी तीन गोष्टी आधी सांगितल्या असत्या तर तो आज माझ्याबरोबर असता. संस्था डायरेक्टर जनरल ऑफ शिपिंगची मान्यताप्राप्त हवी, आणि ती यादी त्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. नोकरी देणाऱ्या कंपनीकडं त्यांचाच खलाशी-भरतीचा आरपीएसएल परवाना हवा, तो क्रमांकही तिथंच तपासता येतो. आणि जहाजावर लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घ्यायला कायद्यानं मनाई आहे. मागणारा कितीही ओळखीचा असला तरी त्याला उठून जायला सांगा. फी भरण्याआधी संस्थेला लेखी विचारा, की मागच्या बॅचमधली किती मुलं प्रत्यक्ष जहाजावर गेली. २००८सारखी मंदी पुन्हा येऊ शकते, म्हणून कर्ज काढताना वर्षभर वाट पाहण्याची तयारी ठेवा.

मुलींनीही हे वाचावं. १९९९मध्ये वर सांगितलेल्या कलकत्त्याच्या कॉलेजातून सोनाली बॅनर्जी मरीन इंजिनिअर होऊन बाहेर पडल्या, देशातल्या पहिल्या. आज माझ्या इंजिन रूममध्ये मुली पाइप लाइन धरतात.

भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद इथल्या शाळांतल्या विज्ञानाच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. दहावी-बारावीच्या वर्गात या वाटेचा एक तास घ्या. बारावीला भौतिक, रसायन, गणित आणि इंग्रजी पक्कं करून घ्या, इंडियन मेरीटाइम युनिव्हर्सिटीची प्रवेश परीक्षा असते हे सांगा, मेकॅनिकलवाल्यांना जीएमईचं सांगा, आणि वय, गुण, डोळ्यांचे नियम त्या वर्षीचे काय आहेत ते मुलांकडूनच संकेतस्थळावर शोधून घ्या. मी सुट्टीवर असलो तर बोलवाल त्या शाळेत येईन.